आढावकाकांची अर्धी रोझरी

दर रविवारी सकाळी आमच्या विजय नगरच्या सोसायटीतून एक स्कूटर निघायची. पुढे आढावकाका, मागे सिसिलियाकाकू. दोघंही ख्रिस्ती, दोघंही चर्चला निघालेले, दोघांच्याही अंगावर इस्त्रीचे कपडे. बघणाऱ्याला वाटावं, वा, काय जोडी आहे! पण ही जोडी तुकोगंजच्या जरा अलीकडे फुटायची. एका चर्चच्या फाटकाशी काकू उतरायच्या आणि काका स्कूटर बंदसुद्धा न करता पुढे आपल्या चर्चला जायचे. त्या फाटकाशी इंजिन बंद केलं तर मतं बदलतील, अशी त्यांना धास्ती असावी. तासा-दीड तासाने ते परत यायचे, काकूंना मागे बसवायचे आणि दोघं पोहे-जिलबी खायला जायचे. तिथे मात्र दोघांचा पंथ एकच. सेव जास्त, जिलबी गरम.

काकांचे वडील नगरहून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इंदूरला आले होते. काका इथेच जन्मले, इथेच शिकले आणि नापतौल विभागात, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात, इन्स्पेक्टर झाले. पंथाने पक्के प्रोटेस्टंट. चर्चमध्ये पुतळा नाही, मेणबत्तीची आरास नाही. पुस्तक, प्रार्थना आणि प्रवचन. काकू वसईच्या. केळी आणि फुलं पिकवणाऱ्या कॅथलिक घरातल्या, नर्स होऊन इथे आलेल्या. वसईत घरोघरी संध्याकाळी रोझरी म्हणतात, म्हणजे जपमाळेवर मारियेची प्रार्थना. काकूंनी तर ती पाळण्यातच ऐकली असणार. या दोघांचं लग्न कसं जमलं, हे विचारलं की काका म्हणायचे, "टायफॉइड." आणि काकू म्हणायच्या, "पेशंट लवकर बरा झाला, तिथेच चुकलं."

काकांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं : "कुठे लिहिलंय ते दाखव." बायबलमध्ये जे लिहिलंय तेवढंच मानायचं, हे त्यांच्या पंथाचं मूळ सूत्र. पण काकांनी ते संसाराला लावलं होतं. काकू म्हणाल्या, शुगर वाढलीय, जिलबी बस करा, की काका विचारत, "कुठे लिहिलंय?" रिपोर्टमध्ये लिहिलंय म्हटलं तर चष्मा घरी राहिलेला असायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की आपल्याकडे पहिल्यापासून असंच चालतं, तर मागच्या खुर्चीवरून हात वर आलाच, आणि पाठोपाठ 'भाऊ' या अर्थाचं इंदुरी 'भिया'. "भिया, पहिल्यापासून चालतं ते ठीक आहे. पण लिहिलंय कुठे?"

घरात मात्र काकूंची मारिया होती, म्हणजे येशूच्या आईची मूर्ती. निळ्या शालीची, वीतभर उंचीची. तिच्या जागेवरून लग्नाच्या पहिल्या वर्षी तह झाला होता. हॉल काकांचा, स्वयंपाकघर काकूंचं. म्हणून मारिया स्वयंपाकघरात, डाळ-तांदळाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. काका तिच्याकडे बघून नमस्कार करत नसत, पण तिच्या अंगावर तेलाची वाफ बसू नये म्हणून चिमणीचा पंखा त्यांनीच बसवला होता. आणि रोज सकाळी फिरून येताना मोगऱ्याची किंवा चांदणीची फुलं आणायचे. मी एकदा पकडलं.

"काका, मारियेला फुलं?"

"अजिबात नाही. मी सिसिलला आणतो. तिनं पुढे कुणाला द्यायची, तो तिचा मामला."

मी मराठी मंडळाच्या नाटकांत कामं करणारा माणूस. अशी रंगलेली भांडणं मला फुकटात बघायला मिळत होती, त्यामुळे संध्याकाळचा चहा मी बहुतेक त्यांच्याकडेच घ्यायचो. आणि चहात साखर कमी पडली तर आपण काडी टाकायची, एवढंच माझं काम. मी भोळा चेहरा करून विचारायचो, "काकू, थेट येशूलाच सांगायचं सोडून त्याच्या आईला मधे कशाला घेता?"

झालं. काकू हातातलं लाटणं खाली ठेवायच्या. "काना गावच्या लग्नात काय झालं? द्राक्षारस संपला. यजमानाची अब्रू जायची वेळ. कुणाच्या लक्षात आलं? आईच्या. कुणी मुलाला सांगितलं? आईनं. आणि पाण्याचा द्राक्षारस झाला की नाही?"

"हे अर्धंच सांगतेय," काका हॉलमधून ओरडायचे. "तो तिला म्हणाला की माझी वेळ अजून आली नाही. म्हणजे काय? मधे पडू नकोस."

"पण केलं ना शेवटी?"

"केलं."

"मग? सगळीच मुलं आधी नाही म्हणतात. लीना काय म्हणायची, भांडी घास म्हटलं तर?"

लीना त्यांची मुलगी. तिने मोठी झाल्यावर कुठल्या चर्चला जायचं, हे दोघांनी तिच्यावरच सोडलं होतं. तिने एका जैन मुलाशी लग्न केलं आणि ती पुण्याला गेली. तेवढ्या एका प्रसंगी दोन्ही पंथ एकदम गप्प झाले.

काकांना मारियेबद्दल आदर नव्हता, असं समजू नका. "फार मोठी बाई," ते म्हणायचे. "कोवळ्या वयात एवढं ओझं अंगावर घेतलं, हो म्हणाली. तिच्यासारखा विश्वास मला आला तर मी धन्य. पण भिया, देव आणि माणूस यांच्यामध्ये उभा राहणारा एकच, तो म्हणजे ख्रिस्त. ती आता देवापाशी विसावलीय. गेलेल्या माणसांना आपण हाका मारायच्या आणि त्यांनी आपल्यासाठी विनंत्या करायच्या, हे कुठे लिहिलंय?"

यावर काकूंचं उत्तर ठरलेलं. "आईची सगळी कामं कुणी लिहून ठेवतं का?"

पंधरा ऑगस्टला तर बघायलाच नको. त्या दिवशी मारियेला देहासकट स्वर्गात नेलं, असं कॅथलिक मानतात, म्हणून काकूंचा सण. काकांच्या मते याला बायबलात एका ओळीचा आधार नाही. पण दिवस स्वातंत्र्याचा. काका पांढरा शर्ट घालून सोसायटीच्या झेंड्याला उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचे, "मी झेंड्यासाठी नटलोय हं." काकू चर्चहून आल्या की त्यांच्या सणाची खीर व्हायची. काका ती दोन वाट्या खायचे. म्हणायचे, "देश स्वतंत्र झाला त्याची."

असं सगळं मजेत चालू असताना काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळे तसेच खोडकर होते. पण शब्द ओठांशी येऊन मोडायचे. नुसते ऊं, आं, असे आवाज. दवाखान्यातून घरी आणलं, हॉलमध्ये पलंग टाकला. दिवसभर ठीक असायच्या. संध्याकाळ झाली की अस्वस्थ. डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करायच्या. काकांनी पाणी दिलं, उशी बदलली, डॉक्टरांना फोन केला, लीनाचा चेहरा व्हिडिओवर दाखवला. टकटक चालूच. शेवटी आमच्या हिने सांगितलं, "अहो, ही त्यांची माळेची वेळ आहे."

काका स्वयंपाकघरात गेले आणि मारियेच्या पायाशी ठेवलेली जपमाळ घेऊन आले. त्यांनी ती हातात कधी धरली नसावी, कारण साप धरावा तशी दोन बोटांत धरली होती. काकूंनी ती ओढून घेतली आणि डोळे मिटले. मणी धरला. ओठ हलले. शब्द अडकला. पुन्हा हलले, पुन्हा अडकला. डोळ्यांतून पाणी आलं. काकूंना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी फोनवर रोझरी लावून दिली. मराठीत, छान आवाजात. दुसऱ्या मण्यालाच काकूंनी फोन उलटा टाकला. बरोबर होतं त्यांचं. फोन थांबत नव्हता. तो आपला धाड धाड पुढे चाललेला आणि काकू अजून पहिल्याच शब्दाशी झगडत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. टेबलावर बायबल उघडं.

"बस. नीट ऐक. ही जी मारियेची प्रार्थना आहे ना, ती माळेवर पुन:पुन्हा म्हणतात. तिचे दोन अर्धे आहेत. पहिल्या अर्ध्यात देवदूत मारियेला जे म्हणाला ते आहे, आणि तिची नातेवाईक अलीशिबा तिला जे म्हणाली ते आहे. दोन्ही लूकच्या पहिल्या अध्यायात. मी रात्र घालवली भिया, शब्दन् शब्द लावून पाहिला. लिहिलेलं आहे."

"आणि दुसरा अर्धा?"

"तो विनंतीचा. की बाई, आम्हा पापी माणसांसाठी तू देवाकडे शब्द टाक, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. तो नाही लिहिलेला."

"मग?"

"मग काय? यांच्यात पद्धतच आहे. चार माणसं बसली की एक जण पहिला अर्धा म्हणतो, बाकीचे दुसरा. मी पहिला म्हणेन."

"आणि दुसरा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुझं काय जातं? तू तर राक्षसाचंही काम करतोस."

त्या संध्याकाळी आम्ही बसलो. काकूंच्या हातात माळ, काका खुर्चीवर ताठ, मी पलंगाच्या पायाशी. काकांनी पहिला अर्धा म्हटला, सरकारी नोटीस वाचावी तसा. मग माझी एंट्री. आता रंगमंच मिळाल्यावर मी काय कमी करणार? मी पोटातून आवाज काढला, 'पापी' शब्दावर कंप दिला, मरणाच्या वेळेपाशी आवाज खोल विहिरीत सोडला. बघतो तो काकू गदागदा हसत होत्या. झटक्यानंतर पहिल्यांदाच. काकाही हसले. मला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्या मण्याला मी तोंड उघडलं आणि काकूंचा डावा हात वर आला. थांब. मग तोच हात त्यांनी स्वतःच्या छातीवर आपटला. एकदा, दोनदा. काकांना लगेच कळलं.

"ती म्हणतेय, तो अर्धा तिचा आहे."

मी मागे सरकलो. काका थांबले. काकूंनी ओठ जुळवले. ऊं... आं... म... शब्द एकही कळत नव्हता. पण त्या शेवटपर्यंत गेल्या, कारण शेवटी मान खाली घातली. इतका वेळ गेला की मधे गॅसवरचं दूध उतू जाऊन आमची ही ते उतरवून आली. मग काकूंनी मणी सरकवला आणि काकांकडे बघितलं. काकांनी पहिला अर्धा म्हटला, या खेपेला जरा हळू.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. काका अर्धं म्हणायचे आणि वाट बघायचे. जी माळ काकू पूर्वी पोळ्यांची कणीक भिजेपर्यंत उरकायच्या, ती आता दिवे लागले तरी चाललेली असायची. प्रत्येक दहा मण्यांच्या आधी येशू आणि मारियेच्या आयुष्यातली एकेक घटना मोठ्याने सांगायची असते. बहुतेक शुभवर्तमानातल्या, त्या काका खुशाल सांगायचे. पण काही वारी शेवटच्या दोन येतात त्या मारियेच्या स्वर्गात जाण्याच्या आणि तिथे मुकुट मिळण्याच्या. काकांनी त्यावरही तोड काढली. ते नुसतं म्हणायचे, "चौथं." मग, "पाचवं." काकू डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघायच्या. काका छताकडे.

माझ्यातला नटसम्राट मात्र गप्प बसत नव्हता. एकदा काकू झोपल्यावर मी म्हणालो, "काका, पूर्णच म्हणून टाका ना. किती त्रास होतो त्यांना. देव काय तुमचं चालान फाडणार आहे?"

"देव नाही फाडणार," काका म्हणाले. "सिसिल फाडेल. इतकी वर्षं मी तिच्याशी भांडलो, पण कधी तिच्यासमोर खोटं म्हटलं नाही. आता ती उलट बोलू शकत नाही, तेव्हा म्हणू?"

ही गोष्ट काकांच्या चर्चमध्ये कळायची ती कळलीच. काका तिथे बुजुर्ग, दर महिन्याला वेदीपाशी उभं राहून वचन वाचणारे. त्या माणसाच्या हातात जपमाळ! एका संध्याकाळी त्यांचे पास्टर आले. तरुण, हिंदीभाषी, स्वभावाने गोड. माळ अर्ध्यावर होती. काकांनी खुर्ची दाखवली आणि म्हणणं चालू ठेवलं. दहा मणी झाल्यावर पास्टर हळूच म्हणाले, "आढावजी, यह क्या है?"

"लूका, पहला अध्याय."

"और यह माला?"

"माला इन्होंने पकड़ी है. मैंने इनका हाथ पकड़ा है."

मला हसू दाबता येईना. पास्टरांना आलं नाही. "और बाकी आधा?"

"वो इनका है. मैं नहीं बोलता. आप भी मत बोलिए. बस, रुकिए."

काकांचा चेहरा मी बघत होतो. बापाने ज्या चर्चमध्ये झाडू मारण्यापासून सेवा केली, तिथलं आपलं वचन वाचणं आता जाणार, असं ते धरून चाललेले दिसत होते. मानेची शीर ताठ होती. पण हात सुटला नाही. पास्टर पुढचा पूर्ण वेळ बसले. काकूंचं ऊं-आं चालू असताना त्यांनीही डोळे मिटले. जाताना दाराशी काकांना म्हणाले, "रविवार को वचन आप ही पढ़ेंगे." काका दार लावून आले आणि मोठ्याने नाक शिंकरून म्हणाले, "एसीनं सर्दी झाली." एसी त्यांच्याकडे नव्हताच.

पुढे थंडीत काकूंना दुसरा झटका आला आणि पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. या वेळी डॉक्टरांनी आशा ठेवली नाही. लीना पुण्याहून निघाली होती. काकूंच्या चर्चचे फादर येऊन कपाळाला पवित्र तेल लावून, प्रार्थना करून गेले होते. दुपारी उन्हाची तिरीप पलंगावर आली होती. काकूंचे डोळे मिटलेले, श्वास बारीक. काकांनी खिशातून माळ काढली आणि काकूंच्या बोटांत गुंडाळली. नर्स म्हणाली, त्यांना ऐकू येत असेल, बोला. काकांनी पहिला अर्धा म्हटला. आणि थांबले.

काकूंचे ओठ हलले नाहीत.

मी भिंतीला टेकून उभा होतो. तो दुसरा अर्धा नेमका याच वेळेसाठी होता. आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी. मी मनात ओरडत होतो, काका, म्हणा! आता तरी म्हणा! कुठल्याही नाटकात इथे नायक म्हणतोच. सगळं थिएटर त्याचसाठी श्वास रोखून बसलेलं असतं.

काकांनी म्हटलं नाही. घरी थांबायचे तितकाच वेळ थांबले. मग काकूंच्या बोटांतला मणी स्वतः पुढे सरकवला आणि पुन्हा पहिला अर्धा म्हटला. पुन्हा थांबले. असं करत करत माळेच्या मध्यापर्यंत गेले असतील. तेवढ्यात नर्सने येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर बाकावर मी त्यांच्याशेजारी बसलो. राहवेना. "काका, एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"ती ऐकत होती."

"म्हणूनच तर म्हणतो."

"अरे भिया," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढे महिने मी तिचा अर्धा कधी म्हटला नाही. रोज थांबलो. आज म्हटला असता, तर तिला काय कळलं असतं? की हा आता माझ्यासाठी थांबत नाहीये."

 

दुसऱ्या दिवशी कॅथलिकांच्या कबरस्तानात काकूंना ठेवलं. त्यांच्या चर्चची माणसं होती, काकांच्या चर्चची होती, पास्टर होते, आमची सोसायटी होती, पोहेवालाही आला होता. फादरांनी मूठमाती दिल्यावर हिंदीतून मारियेची प्रार्थना सुरू केली. पहिल्या अर्ध्यात काकांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. सगळ्यांच्या हिंदीत ते आपले मराठीतूनच म्हणत होते. दुसऱ्या अर्ध्याला सगळे कॅथलिक एका सुरात बोलले आणि काकांनी ओठ मिटून घेतले. मला त्याचं आता नवल वाटलं नाही.

प्रार्थना संपली. आमेन झालं. फादरांनी पुस्तक मिटलं, माणसं एकेक करून फाटकाकडे वळली. लीना जावयाच्या आधाराने पुढे गेली. काका जागचे हलेनात. मान खाली, हात मागे, नजर ओल्या मातीवर. मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. मी जवळ जाऊन कोपराला धरलं. "काका, चला. ऊन आहे. झालं सगळं."

त्यांनी एक बोट वर केलं.

"थांब रे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तिचं व्हायचंय अजून."

मी हात सोडला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.